गावच्या घरात गॅस: सिलेंडर आत ठेवावं की बाहेर?

रानवेल

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यात. मातीचं जुनं स्वयंपाकघर यंदा पावसाळ्याआधी पाडलं आणि स्लॅबचं नवं बांधलं. ओटा झाला, कडप्पा बसला, फरशी झाली. आता गॅस कसा बसवायचा यावर घरात तीन तोंडं तीन दिशांना आहेत.

भाऊ म्हणतो सिलेंडर बाहेर सपरीत (पडवीत) ठेवू, भिंतीतून तांब्याची नळी आत घेऊ. त्याच्या ओळखीचा एक प्लंबर हे काम करून द्यायला तयार आहे. आईला सिलेंडर नजरेसमोर हवं. रात्री रेग्युलेटर बंद केल्याशिवाय ती आडवी होत नाही. वहिनीला न्हाणीत गॅस गिझर हवा, कारण थंडीत बंब पेटवून लेकरांची आंघोळ उरकेपर्यंत शाळेची गाडी निघून जाते.

दोन अडचणी अजून सांगते. जुना रबरी पाइप उंदरांनी कुरतडला होता, वास आला म्हणून कळलं. आणि स्वयंपाकघराला लागून जी खोली आहे त्यात भाव येईपर्यंत कापूस भरलेला असतो, पार वरपर्यंत. दोन्ही खोल्यांच्या मधे दार आहे.

मी पुण्यात, दिवाळीला जाईन तेव्हा काम उरकायचंय. कोणी असं करून घेतलं असेल तर सांगा.

तुराटी

आधी कापूस विका.

रानवेल

@तुराटी, भाव तुम्ही देणार का? उद्याच गाडी भरते.

सातपुडा

आमच्याकडे अचलपूरला सिलेंडर बाहेरच आहे, मागच्या भिंतीला लागून, वर पत्र्याची सावली, पुढे लोखंडी जाळीचं दार. तांब्याची नळी आत ओट्यापर्यंत. काही त्रास नाही. गळालंच तर अंगणात गळेल, घरात नाही, एवढा साधा हिशोब. ओट्याखाली जागा मोकळी झाली तिथं पिठाचा डबा आला. भावाचं ऐका.

पाना_पक्कड

रानवेल ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात एका गॅस एजन्सीत मेकॅनिक आहो, म्हणून जरा लांबण लावतो.

सिलेंडर फुटलं, सिलेंडर फुटलं असं लोक म्हणते. पण मी आग लागल्यावर ज्या ज्या घरी गेलो, तिथं बहुतेक वेळा सिलेंडर साबूतच सापडलं. गॅस गळते तो शेवटच्या दोन हातांत. व्हॉल्व्हच्या आतली रिंग, रेग्युलेटर, पाइप, अन् शेगडीचा कॉक. आत ठेवा का बाहेर ठेवा, हे चार जागच्या जागी नीट पाहिजे.

रिंग म्हणजे आपण जिले वायसर म्हणतो थे. सिलेंडर घरी आलं की वरची टोपी काढून आत नजर टाका. रिंग आहे का, चिरली का, तिरपी बसली का. डिलिव्हरीवाल्याच्या खिशात रिंगा असतात, मागून घ्या, लाजू नका. रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचा फेस जोडावर लावा. बुडबुडा फुगला म्हणजे गळते. काडी पेटवून पाहणारे अजून आहेत गावात, त्याईले आपला दुरूनच दंडवत.

पाइप नारंगी घ्या, आयएसआय शिक्का अन् तारीख छापलेला. आतून तारेची जाळी असते. उंदीर वरचं रबर कुरतडते, तारेपाशी त्याचं चालत नाही. तरी वरचं रबर गेलेलं दिसलं की पाइप बदला. नाही दिसलं तरी पाच वर्षांनी बदला. सव्वा किंवा दीड मीटरचा येते, तेवढाच वापरा. दोन तुकडे जोडून लांब करायचा नाही, अन् भिंतीच्या भोकातून तर बिलकुल न्यायचा नाही. भिंतीच्या आत तो कधी घासला, कधी चिरला, कोणालेच दिसत नाही.

आता तांब्याचं. तांब्याची लाइन वाईट नाही, पण प्लंबरकडून नको. पाण्याचा जोड पाझरला तर फरशी ओली होते, गॅसचा पाझरला तर दिसत नाही. सुताचा धागा अन् सफेदा लावून गॅसची लाइन जोडणारे प्लंबर मी पाहिले आहेत. तांब्याचा जोड झाळून पक्का करावा लागते. लाइन झाल्यावर शेगडी बंद ठेवून आत हवेचा दाब भरायचा अन् गेजचा काटा पाहायचा. काटा खाली आला की जोड शोधत बसायचं, मग गॅस. नळी भिंतीत गाडून वरून प्लास्टर करू नका, दिसते तशी उघडी क्लिपांवर ठेवा. भिंत ओलांडते तिथं तिच्या भोवती मोठी नळी पाहिजे. एजन्सीले अर्ज द्या, मेकॅनिक त्याईचाच पाहिजे, पावती घ्या.

अन् रात्री रेग्युलेटर बंद कराले तुमच्या आईले सपरीत जावं लागन, याचा विचार भावानं केला का?

मोहफूल

शेवटचं वाक्य लाखाचं. आमच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बाहेरचं रेग्युलेटर महिनोन्महिने सुरूच होतं.

सातपुडा

@पाना_पक्कड, आमच्याकडे आत ओट्याजवळ वेगळा कॉक आहे, तो रात्री बंद करतो.

पाना_पक्कड

@सातपुडा भाऊ, आतला कॉक पाहिजेच. पण त्यानं कॉकच्या पुढचं बंद झालं. कॉकपासून रेग्युलेटरपर्यंतच्या नळीत रातभर गॅस उभाच आहे. गावाले जाताना तरी बाहेरचं बंद करत जा.

उंटावरचा_शहाणा

(नागपूर, पेशाने इंजिनिअर, गावाशी संबंध हुरड्यापुरता. तरी बोलतो.)

घरगुती सिलेंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळाला की वर जात नाही, जमिनीवर पसरतो, उंबऱ्याच्या फटीतून पुढच्या खोलीत जातो, खड्डा दिसला की तिथं साठतो. म्हणून वर कितीही मोठी खिडकी ठेवा, फरशीला लागून झरोका नसेल तर उपयोग अर्धाच. मूळ गॅसला वास नसतो. आपल्याला जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा.

आता रानवेल यांच्या घराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघर, मधे दार, पलीकडे छतापर्यंत कापूस. दाराखाली बोटभर फट असणारच. सिलेंडर आत की बाहेर यापेक्षा मला ते दार जास्त खटकतंय.

तुराटी

मी पहिल्याच प्रतिसादात हेच बोललो होतो, फक्त मरकॅप्टन न म्हणता.

बोरकूट

खिक्.

कापूसकोंड्या

कापसाबद्दल थोडं गांभीर्याने. आमच्या शेजारच्या गावात घरात भरलेल्या कापसाला आग लागली होती. कारण गॅस नव्हता, वायरिंग होतं. पण आग कशी चालते ते तेव्हा पाहिलं. वरून विझली असं वाटलं, लोक चहा पिऊन घरी गेले आणि मध्यरात्री गंजीच्या पोटातून पुन्हा धूर. कापूस आतल्या आत धुमसत राहतो. सगळा उपसून बाहेर अंगणात पसरला तेव्हा कुठं थांबलं. त्यामुळे त्या खोलीत दिवा, होल्डर, चार्जिंगचा बोर्ड काहीही नको, आणि स्वयंपाकघराकडून येणारी वाट तर नकोच.

झाडीपट्टी

आमच्या भंडाऱ्याकडे कापूस नाही, पण तणसाचा ढीग असतो आणि न्हाणीला लागूनच असतो. प्रत्येकाची आपापली काडीपेटी.

गिझरबद्दल सांगतो. गॅस गिझर गेली कित्येक वर्षं वापरतो आहोत, काही झालेलं नाही. बटन दाबलं की गरम पाणी. वहिनींना जरूर घेऊन द्या. उगाच घाबरवू नका.

माहेर_अकोट

@झाडीपट्टी, नका हो असं सांगू. आमच्या नात्यातली बारावीतली मुलगी न्हाणीत बेशुद्ध पडली होती. दार आतून बंद, पाणी चालू, हाक मारली तर ओ नाही. दार तोडून बाहेर काढली, मोकळ्या हवेत निजवली, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाचली. घरच्यांचं एकच पालुपद होतं, गॅसचा वास तर आलाच नाही.

तो येणारच नव्हता. गॅस गळत नव्हता, जळत होता. कोंडलेल्या जागेत हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि वासासाठी मिसळलेलं द्रव्य तर ज्योतीत जळून गेलेलं असतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पट घट्ट या वायूला धरून बसतं. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं त्राण जातं. आपल्याला वाटतं गरम पाण्यानं चक्कर आली. कडी काढायला हात वर जाईपर्यंत माणूस खाली.

मी परिचारिका आहे. थंडीत असे पेशंट पाहते, म्हणून इतकं तिखट लिहिलं. राग मानू नका.

झाडीपट्टी

ताई, राग नाही. पण आमच्याकडे खरंच कधी काही झालं नाही.

मोहफूल

दादा, तुमची न्हाणी कशी आहे? स्लॅबची?

झाडीपट्टी

नाही. विटांच्या चार भिंती, पुरुषभर उंच. वर छत नाही.

बोरकूट

हा हा हा. धाग्याचं सार्थक झालं.

माहेर_अकोट

मग बरोबर आहे! वर सगळं आभाळ मोकळं, वायू थांबेल कुठं. हाच गिझर स्लॅबच्या, टाइल्स लावलेल्या, खिडकीला काच बसवलेल्या न्हाणीत टांगला की संपलं. गावात नवी बांधकामं होताहेत आणि गिझर मात्र जुन्या सवयीने न्हाणीच्या आतच लागतोय. थंडी लागते म्हणून लोक झरोक्यात पोतंसुद्धा कोंबतात.

रानवेल, गिझर घ्यायचाच असेल तर तो न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर बसवा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्या. सपरी असली तरी ती तिन्ही बाजूंनी बंद केलेली नको.

जाता जाता, बाळंतिणीच्या बाजेखाली इस्त्याची घमेली ठेवून दारं-खिडक्या लावून घ्यायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. निखाऱ्यातूनही हाच वायू निघतो. शेक द्या, पण दार उघडं ठेवून.

काकाजी_वर्धा

सून म्हणते मोबाइल ठेवा, पण हा विषय आपला आहे.

आमच्याकडे सिलेंडर यायच्या आधीपासून गोबर गॅस होता. दोन घनमीटरचा, लोखंडी टाकीचा, गॅस साठला की टाकी वर उचलली जायची. रोज पन्नासेक किलो शेण, तितकंच पाणी. पाच माणसांचा सयपाक निघे. गोबर गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका, वर जातो. नागपूरचे साहेब वर जे सांगून राहिले त्याच्या उलट. म्हणून तिथं वरचा झरोका कामाचा.

सिलेंडरची शेगडी गोबर गॅसवर लावू नका, नीट जळत नाही. गोबर गॅसचा दाब कमी, जेटचं, म्हणजे शेगडीत गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक मोठं लागते. अन् लाइनीत पाणी साचते. टाकीतून निघालेला गॅस ओला असतो, नळीत गार झाला की पाणी सुटते, मग ज्योत फडफडते. नळी उताराची ठेवावी अन् सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी द्यावी. आमचे शेजारी ज्योत फडफडली की टाकीवर दगड ठेवत. दगडानं दाब वाढला, पाणी तसंच राहिलं.

आता बैलच उरले नाहीत, टाकी गंजली.

तुराटी

काकाजी, मोबाइल ठेवू नका. लिहीत राहा.

उंटावरचा_शहाणा

काकाजींना अनुमोदन. नळाने येणारा गॅसही मिथेनच, त्यामुळे शहरात तो आला की तिथंही जेट बदलावे लागतात. एका गॅसची सवय दुसऱ्याला लावू नये.

कापूसकोंड्या

मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो तेव्हा सपरीतलं सिलेंडर किती तापेल? आमच्याकडे त्याच्यावर ओलं पोतं टाकतात.

पाना_पक्कड

सावली पाहिजे, पोतं नको. सिलेंडर गळ्यापर्यंत भरतच नाही, वर वाफेसाठी जागा सोडलेली असते. सावलीत असन तर आपला उन्हाळा ते सोसते. ओल्या पोत्यानं बूड गंजते, अन् बुडाची गंज कोणी वाकून पाहत नाही. पत्र्याले चिकटून, तापल्या भिंतीले टेकून, किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दिवसभर उन्हात ठेवू नका म्हणजे झालं.

थंडीत उलटं होते. गॅस मंद झाला की लोक सिलेंडर आडवं पाडते नाहीतर गरम पाण्याच्या पातेल्यात बसवते. आडव्या सिलेंडरमधून पातळ गॅस तसाच रेग्युलेटरमधे येते अन् ज्योत एकदम भडकते. उभंच ठेवा. संपलं असन तर संपलं.

अजून एक. सिलेंडरच्या वरच्या कड्याच्या आतून ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीवर अक्षर अन् आकडा लिहिला असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. बी-२८ असन तर २०२८ च्या जूनपर्यंत त्याची चाचणी व्हायची आहे. तारीख उलटून गेलेलं सिलेंडर आलं तर परत करा. वजन करून मागा. मोकळ्या सिलेंडरचं वजन त्याच्यावरच कोरलं असते, त्यात १४.२ किलो मिळवा. काटा आणायचं काम डिलिव्हरीवाल्याचं आहे, तुमचं नाही.

मोहफूल

आमच्या गावात डिलिव्हरीवाला येतो हीच मोठी गोष्ट. काटा मागितला तर पुढच्या वेळी आमची गल्ली विसरतो.

माहेर_अकोट

गोडाऊनवर जाऊन आणत असाल तर घरपोच आणण्याचे पैसे बिलातून वजा व्हायला पाहिजेत, ते तरी मागा.

बोरकूट

एक वेगळाच ताप सांगतो. गळ्यात ओळखपत्र अडकवून दोन पोट्टे गावात आले, "कंपनीकडून तपासणी" म्हणत. पुरुष वावरात, बाया घरी, ही वेळ साधून. सगळ्यांचे पाइप "एक्स्पायर" ठरवले आणि रेग्युलेटरवर लावायचं घड्याळासारखं काहीतरी विकून गेले, गॅस वाचतो म्हणे, गळती आपोआप थांबते म्हणे. एजन्सीत विचारलं तर त्यांचा कोणी माणूस आलाच नव्हता.

पाना_पक्कड

ते घड्याळ काढून ठेवा. रेग्युलेटर अन् सिलेंडरच्या मधे एक जास्तीचा जोड म्हणजे गळाले एक जास्तीची जागा. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब उतरवून साधारण ३० मिलिबार ठेवते, अजून काही लावायची गरज नाही. भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर घरच्या शेगडीले लावणारेही भेटले मले. लग्नात आचाऱ्यानं लावला, अन् तसाच राहिला.

दर पाच वर्षांनी एजन्सीकडून तपासणी असते, ती खरी. माणूस आला की त्याले म्हणा थांब जरा, अन् एजन्सीच्या पुस्तकावरल्या नंबरवर फोन लावा. खरा असन तो बसून चहा पिते, खोटा असन तो गाडीले किक मारते.

रानवेल

किती माहिती मिळाली! भावाला पूर्ण धागा वाचून दाखवला. प्लंबरचा विषय संपला. वहिनी गिझरवरून रुसली होती, पण माहेर_अकोट यांचा प्रतिसाद तिने स्वतः पुन्हा वाचला आणि "बाहेरच्या भिंतीवर लावा, पण लावा" इथपर्यंत आली.

रात्री वास आला तर नक्की काय करायचं तेही कोणी सांगा. आई म्हणते पहिले लाइट लावून पाहते.

माहेर_अकोट

लाइट अजिबात नाही! लावायचाही नाही आणि लागलेला असेल तर बंदही करायचा नाही. बटनात ठिणगी पडते ती दोन्ही वेळा. पंखा, एक्झॉस्ट, मिक्सर कशालाच हात नको. देवघरातला दिवा, चूल, उदबत्ती असेल तर ती विझवा. दारं-खिडक्या सताड उघडा. रेग्युलेटर बंद करा, जमलं तर काढून सिलेंडरच्या तोंडावर ती पांढरी टोपी दाबून बसवा. टोपी दोरीने सिलेंडरलाच बांधलेली असते, ती तोडून फेकू नका म्हणून सांगतात ते याचसाठी. मग सगळे बाहेर. फोन अंगणात जाऊन करा, १९०६ हा गॅस गळतीचा नंबर दिवसरात्र चालू असतो.

उंटावरचा_शहाणा

यात एक भर. फ्रिज. त्याला कोणी हात लावत नाही, पण तो स्वतःच चालू-बंद होत असतो. नव्या स्वयंपाकघरात फ्रिज आणि सिलेंडर एकाच कोपऱ्यात ठेवू नका. आणि मेन स्विच घराच्या बाहेर असेल तर उत्तम.

झाडीपट्टी

शेगडीचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे भगुण्यांची बुडं काळी होत होती, बायको गॅसला शिव्या घालत होती. ज्योत पिवळी. एजन्सीच्या माणसाने येऊन जेट साफ केला, बर्नरच्या आतल्या नळीत कोळ्यानं घर केलं होतं ते काढलं, ज्योत निळी झाली. शेगडीची उंची सिलेंडरपेक्षा जास्त असावी हेही त्यानेच सांगितलं. आम्ही दोन्ही जमिनीवरच ठेवत होतो, बसून सयपाक करायची सवय.

काकाजी_वर्धा

बसूनच सयपाक चांगला. मटक्यावरची लंबी रोटी उभ्यानं करून दाखवा.

तुराटी

काकाजी जिंकले. धागा बंद करा.

फाइलबंद

बंद करायच्या आधी एक रुक्ष पण कामाची गोष्ट. गॅस अपघातासाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो, ग्राहकाला वेगळा हप्ता नाही. मृत्यू झाल्यास प्रतिव्यक्ती ६ लाख, उपचारासाठी प्रतिव्यक्ती २ लाखांपर्यंत आणि एका अपघातात एकूण ३० लाखांपर्यंत, मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत, अशा मर्यादा आहेत. मालमत्तेची भरपाई नोंदलेल्या पत्त्यावरच मिळते. अपघात झाला तर एजन्सीला लगेच लेखी कळवायचं, पोलिसांची कागदपत्रं, दवाखान्याची बिलं जपून ठेवायची. पाइप-रेग्युलेटर बिनशिक्क्याचा असेल, किंवा नळी कोणा भलत्याने टाकली असेल, तर तिथं वाद होतो.

रानवेल, कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?

रानवेल

वडिलांच्या. ते जाऊन बरीच वर्षं झाली. सिलेंडर येतं म्हणून कोणी लक्षच दिलं नाही.

इकडचं ठरलं ते सांगते. सिलेंडर आतच, ओट्याच्या बाजूला, कपाटात न कोंडता. त्याच्या मागच्या भिंतीत फरशीला लागून झरोका पाडला, बाहेरून बारीक जाळी मारली म्हणजे उंदीर नको. तांब्याची नळी रद्द. गिझर सपरीच्या टोकाला, उघड्या बाजूला, त्याला दुसरं सिलेंडर वेगळं. आणि कापसाच्या खोलीचं मधलं दार गवंड्याने विटांनी बुजवलं. आता कापसाच्या खोलीत अंगणातून वळसा घालून जावं लागतं. आई रोज एकदा तरी गवंड्याचा उद्धार करते, कारण तिचा लोणच्याचा रांजण त्याच खोलीत आहे.

पाना_पक्कड

लय बेस्ट झालं. गिझरचा पाइपही नारंगीच घ्या, तो बाहेर असल्यामुळे लवकर खराब होईन, दर दिवाळीला वाकवून पाहत जा. बारीक चिरा दिसल्या की बदला. अन् गिझरले पाण्याचा दाब लागते, टाकी स्लॅबवर नुसती टेकवली असन तर पेटणार नाही. टाकीखाली उंच चबुतरा बांधा.

कापूसकोंड्या

रांजण दुसरीकडे हलवता येतो, दार बुजवलं ते छान.

फाइलबंद

नावाचं काम आता दिवाळीतच करा. मृत्यूचा दाखला, आईचं आधार, बँक पासबुक, जुनं गॅसचं पुस्तक आणि तुम्हा भावंडांचं ना-हरकत पत्र घेऊन एजन्सीत जा. कनेक्शन आईच्या नावावर करून केवायसी पूर्ण करा. पत्ताही त्याच वेळी तपासा.

रानवेल

ना-हरकत पत्रावर माझीही सही लागेल का?

फाइलबंद

मुलगी वारस आहे, तर लागणार. आणि आईचं नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच अर्जात लिहा. आमच्याकडे एका ठिकाणी "बाई" राहून गेलं आणि अर्ज परत आला.